गरम धूर की थंड फवारा? सोसायटी, गाळा आणि गोदामासाठी फॉगिंगची पद्धत कशी ठरवावी

पावसाळा अर्धा सरला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मागणी सुरू होते: फॉगिंग करा. कमिटी दोन-तीन कोटेशनं मागवते. एकात ‘थर्मल फॉगिंग’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यात ‘यूएलव्ही कोल्ड फॉगिंग’, तिसऱ्यात नुसतं ‘धूर फवारणी’ आणि खाली आकडा. मग सगळ्यांच्या नजरा आकड्याकडे जातात आणि जो स्वस्त, तो येतो.

या लेखात तो निर्णय नीट कसा घ्यायचा हे क्रमाने सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. पेस्ट कंट्रोलवाल्याकडे कोणतं मशीन आहे त्यावरून पद्धत ठरवू नका. कीटक कुठे बसतो आणि जागेतली हवा कशी फिरते, यावरून ठरवा. आणि निम्म्या वेळा उत्तर ‘फॉगिंग नकोच’ असंही येतं, त्याचीही तयारी ठेवा.

दोन मशीन्स आतून काय करतात

गरम पद्धतीत, म्हणजे थर्मल फॉगिंगमध्ये, कीटकनाशक सहसा डिझेल किंवा रॉकेलमध्ये मिसळतात आणि ते मिश्रण तापलेल्या वायूच्या झोतात सोडतात. खांद्याला लटकवायच्या मशीनमध्ये पल्स-जेट इंजिन असतं, फटफट असा मोठा आवाज करणारं. आतलं तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर जातं. द्रवाची वाफ होते, नळीबाहेरच्या गार हवेत आली की तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. तोच आपल्याला दिसणारा पांढरा दाट धूर. म्हणजे काही जळून झालेला धूर नव्हे, ते तेलाचं धुकं असतं.

थंड पद्धतीत उष्णता नसते. ब्लोअरची वेगवान हवा नोझलपाशी द्रवाला फोडते. मिश्रण बहुधा पाण्यातलं असतं आणि द्रव फार थोडा लागतो, म्हणून नाव यूएलव्ही, अल्ट्रा लो व्हॉल्यूम. फवारा नोझलजवळ थोडा दिसतो आणि पुढे जवळजवळ दिसेनासा होतो.

इथेच पहिला घोळ होतो. थंड फॉगिंग करून निघालेल्या माणसाला “अहो दादा, धूर तर निघालाच नाही, पैसे कशाचे?” असं विचारणारे काका प्रत्येक सोसायटीत सापडतात. धूर दिसणं हा गरम पद्धतीचा खरा फायदा आहेच, कारण तो कुठे पोचला आणि कुठे नाही हे डोळ्यांनी कळतं. पण दाटपणा हे औषधाचं प्रमाण नव्हे. सरकारी डास नियंत्रण कार्यक्रमातलं बाहेरच्या धूरफवारणीचं नेहमीचं मिश्रण पाहा: एक भाग मॅलॅथिऑन टेक्निकल (म्हणजे पातळ न केलेलं मूळ कीटकनाशक), एकोणीस भाग डिझेल. म्हणजे दहा लिटर धुरात साडेनऊ लिटर डिझेल. टाकीत नुसतं डिझेल भरलं तरी धूर तेवढाच दाट निघेल.

उडणाऱ्या डासाला लागायला थेंब साधारण १० ते २५ मायक्रॉनचा हवा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत तीन मीटर उंचीवरून खाली यायला पंधरा मिनिटांच्या आसपास घेतो, तर ५० मायक्रॉनचा पाऊण मिनिटात जमिनीवर असतो. शिवाय ५० मायक्रॉनच्या एका थेंबात १० मायक्रॉनच्या १२५ थेंबांइतका द्रव असतो. म्हणून थेंब जाड झाले की औषध संपतं, फरशी ओली होते आणि डास उडत राहतात. गरम मशीनचे थेंब आपोआप बारीक असतात, मात्र द्रवाचा कॉक जास्त उघडला की तेही जाड होतात. थंड मशीनमध्ये सगळा खेळ नोझल आणि प्रवाहाच्या नॉबवर आहे. चालवणाऱ्याने काम लवकर उरकायला नॉब पूर्ण उघडला तर तुम्ही फॉगिंगच्या नावाखाली साधी फवारणी विकत घेतली. थंड पद्धतीला जास्त कसब आणि वेळोवेळी मोजमाप लागतं, ते यामुळेच.

दोन्ही पद्धतींची मर्यादा एकच. औषध हवेत असेपर्यंतच काम करतं. भिंतीवर टिकून पुढचे आठवडे डास मारणारा थर यातून तयार होत नाही.

पायरी १: कीटक कोण आहे ते आधी ठरवा

‘मच्छर झालेत’ एवढं पुरेसं नाही. दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी चावतो, पायांवर पांढरे पट्टे, तो एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुनिया यानेच पसरतो. साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरची ताडपत्री, टायर. शे-दोनशे मीटरपलीकडे सहसा जात नाही, त्यामुळे तो तुमच्याच आवारातला असतो. शेजारच्या नाल्याला दोष देऊन उपयोग नाही. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुधा क्युलेक्स. घाण पाणी, तुंबलेली गटारं, सेप्टिक टाकी ही त्याची घरं. शहरी मलेरियाचा ॲनोफिलीस स्टीफेन्सी झाकण नसलेल्या पाण्याच्या टाक्यांत आणि बांधकामांवर साठवलेल्या पाण्यात वाढतो. घोडबंदर रोड आणि घणसोली-उलवे पट्ट्यात बांधकामं कधी थांबतच नाहीत, म्हणून हा तिसरा विसरू नका.

याचा पद्धतीशी संबंध असा: एडिसची मादी बहुतांशी घरात विसावते. पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या गडद कपड्यांत. बाहेर रस्त्यावर कितीही धूर केला तरी बंद खिडकीआडच्या या डासाला तो लागत नाही. डेंग्यूचा रुग्ण निघाला असेल तर काम घराच्या आत व्हायला हवं, आणि घरात थंड पद्धत केव्हाही बरी. पालिकेचे कर्मचारी अशा वेळी घरात पायरेथ्रम या कीटकनाशकाची हातपंपाने फवारणी करतात. ते दारात आले की त्यांना आत घ्या. उलट क्युलेक्सचा प्रश्न आवारातल्या झाडीत, स्टिल्टखाली, गटारांच्या कडेला असेल तर सूर्यास्तानंतरचा गरम धूर चांगलं काम करतो.

घरातल्या झुरळांसाठी फॉगिंग मागवू नका. पायरेथ्रॉइडच्या (फॉगिंगमध्ये नेहमी वापरला जाणारा कीटकनाशकांचा एक गट) धुक्याने झुरळं फटींतून बाहेर काढली जातात, काही मरतात, उरलेली डक्टमधून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातात. अंड्यांच्या कोषाला काहीच होत नाही. तिथे जेलच लावा. ढेकूण, वाळवी, उंदीर यांच्यासाठी फॉगिंगचं कोटेशन आलं तर त्या माणसाला चहा पाजून निरोप द्या.

पायरी २: जागा फिरून पाहा, कागदावर काढा

निर्णयाचा मोठा भाग इथे होतो, म्हणून थोडा वेळ द्या. सेक्रेटरी, वॉचमन आणि पेस्ट कंट्रोलवाल्याचा सुपरवायझर अशी तिघांनी एक फेरी मारा.

उघडं आवार, बाग, कंपाउंडच्या भिंतीलगतची झाडी, स्टिल्ट पार्किंग: इथे गरम पद्धत चालते. धूर झुडपांत शिरतो, गाड्यांखालून जातो आणि कुठे राहिलं ते दिसतं. दोन एकरांच्या, म्हणजे सुमारे ०.८ हेक्टरच्या आवाराला हाताने चालवायच्या गरम मशीनने साधारण आठ लिटर मिश्रण लागतं. हेक्टरी दहा लिटरचा हिशोब धरला आहे. त्याच जागेला थंड यूएलव्हीने हेक्टरी अर्धा ते दोन लिटर धरले, तर दीड लिटरपर्यंत काम भागतं. फरक डिझेलचा आहे, ते कुणाच्या तरी फुप्फुसात आणि गाडीच्या काचेवर जातं. म्हणून आवार लहान असेल आणि बॅटरीवर किंवा पेट्रोलवर चालणारं चांगलं थंड मशीन मिळत असेल, तर मी बाहेरही थंडच निवडेन. घनदाट झाडी, मोठं आवार आणि वाऱ्याची शांत वेळ असेल तर गरम.

बेसमेंट आणि पोडियमखालचं पार्किंग: लोक इथेच हमखास गरम मशीन नेतात, आणि मी इथेच नको म्हणतो. बंद जागेत डिझेलचं बारीक धुकं ठरावीक प्रमाणापेक्षा दाट झालं की ते पेटू शकतं, आणि पेटवायला तेच तापलेलं मशीन हातात असतं. पेट्रोलच्या गाड्या, चार्जिंगचे पॉइंट, पंपांची पॅनेल वेगळीच. शिवाय धूर जिन्यातून आणि लिफ्टच्या पोकळीतून वर चढतो, दहाव्या मजल्यावर स्मोक डिटेक्टर वाजतो, आणि कुणीतरी घाबरून १०१ फिरवतो. बेसमेंटला थंड, पाण्यातलं औषध.

गटाराचे चेंबर आणि सेप्टिक टाकी: चेंबरमधल्या मोठ्या लाल झुरळांवर गरम धूर सोडायची पद्धत आहे आणि तो पाइपातून लांबवर जातोही. पण आत मिथेन असू शकतो. ज्या चेंबरला वास भपकन येतो तिथे गरम मशीनचं तोंड नेऊ देऊ नका. चेंबरसाठी दुसरे उपाय आहेत. सेप्टिक टाकीच्या व्हेंट पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधली तर क्युलेक्सचा मोठा कारखाना पाच मिनिटांत बंद होतो, आणि ते काम वॉचमनसुद्धा करू शकतो.

फ्लॅट, ऑफिस, क्लिनिक, शाळा: थंड. तेलाचा डाग पडद्यावर आणि भिंतीवर राहतो, फरशी निसरडी होते, वास दोन दिवस जात नाही. यावर फार वाद घालायची गरज नाही.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथले गाळे: आधी विचारा, आत काय आहे. सॉल्व्हंट, रंग, फोम, कापूस, पिठाची किंवा लाकडाची धूळ असेल तर गरम पद्धत पूर्ण बाद. अशा ठिकाणी थंड मशीनची साधी इलेक्ट्रिक मोटरही ठिणगी टाकू शकते, तेव्हा सेफ्टी ऑफिसरची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काहीच सुरू करू नका. रिकाम्या, उंच छताच्या, माल हलवलेल्या शेडमध्ये मात्र दोन्ही पद्धती चालतात.

तुर्भ्याच्या बाजार आवारातली धान्याची आणि मसाल्याची गोदामं हा वेगळा विषय. हवेत उडणाऱ्या पतंगांना आणि माश्यांना थंड फॉगिंग लागू पडतं, पण पोत्यातल्या सोंड्याला बाहेरचं कुठलंच धुकं मारत नाही. त्याला ताडपत्रीखाली गोळ्यांतून सुटणाऱ्या फॉस्फीन वायूची धुरी द्यावी लागते, आणि तो वायू प्राणघातक आहे. ते काम परवानाधारक फ्युमिगेशनवाल्याचंच. फॉगिंगच्या दरात ‘गोळ्या पण टाकून देतो’ म्हणणाऱ्याला आत घेऊ नका.

गावठाणातल्या गल्ल्या, चाळी, बैठी घरं: गरम धूर अरुंद गल्लीत चांगला पसरतो, पण चूल, गॅसची शेगडी, देवघरातली निरांजनं सगळी हातभर अंतरावर असतात. आधी दारोदार सांगणं झालं नसेल तर करू नये.

खाडीकाठ: ऐरोली, वाशी, सीवूड्स, कोपरी, कळवा इथल्या काही सोसायट्यांच्या भिंतीपलीकडे कांदळवन किंवा धारण तलाव (पावसाचं आणि भरतीचं पाणी धरून ठेवणारं तळं) असतो. पायरेथ्रॉइड माशांना, कोळंबीला आणि मधमाश्यांना अत्यंत विषारी असतं. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा आहे, त्याच पाण्यावर आपलं धुकं जाता कामा नये. त्या बाजूची भिंत सोडून द्या आणि वारा खाडीकडे वाहत असेल तर काम पुढे ढकला. तलावात अळ्या असतील तर पालिकेला कळवा. गप्पी मासे सोडणं किंवा अळीनाशक टाकणं तिने ठरवावं.

पायरी ३: वेळ आणि वारा

भर दुपारी फॉगिंग करणारा माणूस तुमचे पैसे आकाशात सोडतो. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि धुकं तिच्याबरोबर जातं. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताच्या आसपासचे दोन तास, एवढीच कामाची वेळ. एडिससाठी सकाळी सहा ते साडेआठ किंवा संध्याकाळी पाचनंतर. क्युलेक्ससाठी अंधार पडल्यावर. दोन्ही असतील तर संध्याकाळी उशिराची वेळ धरून तडजोड करता येते. डेंग्यूचा रुग्ण असेल तर मात्र सकाळचीच धरा.

वारा ताशी १५ किलोमीटरच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर धुकं तुमच्या सोसायटीत थांबणारच नाही. पण वारा अगदीच नसला तरी ते पसरत नाही, हलकी झुळूक असलेली बरी. ठाण्या-नवी मुंबईत दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. वाशी-ऐरोलीकडे तो खाडीवरून वस्तीकडे येतो, पहाटे मात्र मंद आणि कधी उलटा असतो. म्हणून फोनवरच्या आकड्यावर विसंबू नका. गच्चीवर नाही, जिथे मशीन चालणार तिथे उभं राहून उदबत्ती लावा आणि तिचा धूर कुठे जातो ते पाहा. जोराचा पाऊस असेल तर काम रद्द. भुरभुर असेल तर चालतं, पण गरम नळीवर पाणी पडू देऊ नका.

पायरी ४: कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं

पहिलं, परवाना. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलसाठी कीटकनाशक कायदा १९६८ आणि नियम १९७१ खाली परवाना लागतो. त्याची प्रत मागा आणि मुदत तपासा. जीएसटी नंबर म्हणजे परवाना नव्हे, असं स्पष्ट सांगावं लागतं, इतके लोक तोच दाखवतात.

दुसरं, औषधाचं पूर्ण नाव: रसायन, टक्केवारी आणि प्रकार. ‘हर्बल’ किंवा ‘इंपोर्टेड’ एवढ्यावर भागवू नका. बाटलीवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक असतो आणि लेबलवर डास किंवा माश्यांसाठी, कोणत्या पद्धतीने, किती प्रमाणात वापरायचं ते छापलेलं असतं. गरम मशीनसाठी नोंदलेलं औषध थंडमध्ये किंवा शेतीचं औषध सोसायटीत वापरायचं नाही. लेबलवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. डायक्लोरव्हॉस, ज्याला बाजारात डीडीव्हीपी किंवा नुव्हान म्हणतात, त्यावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना साठा अजूनही कुणी काढला तर लगेच थांबवा.

तिसरं, मिश्रण कुठे करणार आणि किती लिटर. उत्तर ‘तुमच्या समोर, वॉचमनच्या उपस्थितीत, लेबल वाचून’ असंच हवं. घरून भरून आणलेली टाकी स्वीकारू नका.

चौथं, मशीन. थंड मशीनसाठी थेंबाचा आकार आणि प्रवाहाचा दर विचारा. ज्याला तो माहीत नाही त्याने ते कधी मोजलेलंच नाही. २०२० मध्ये अनेक सोसायट्यांनी निर्जंतुकीकरणासाठी थंड फॉगर घेतले आणि ते आता स्टोअररूममध्ये धूळ खात पडलेत. ‘आपलंच मशीन वापरू’ ही सूचना मीटिंगमध्ये येतेच. हायपोक्लोराइटने पंप आणि सील खराब झालेले असू शकतात आणि टाकीत उरलेलं रसायन कीटकनाशकात मिसळणं धोक्याचं. नीट धुऊन, सील बदलून, प्रवाह मोजून मगच.

पाचवं, काम करणाऱ्या मुलांची साधनं. पूर्ण बाह्यांचे कपडे, नायट्राइल हातमोजे, गॉगल, बूट, सेंद्रिय बाष्पासाठीचं काडतूस असलेला रेस्पिरेटर. गरम मशीनला कानाचं संरक्षणही. तोंडाला रुमाल बांधून आलेल्या मुलाला परत पाठवलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या मालकाला फोन करा.

पायरी ५: आदल्या दिवशी

नोटीस चोवीस तास आधी, आणि नुसती लिफ्टमध्ये नको. दमेकरी, गरोदर बाई, तान्हं बाळ, ऑक्सिजनवर असलेले आजोबा कोणत्या घरात आहेत ते वॉचमनला आणि घरकामाच्या मावशींना कमिटीपेक्षा जास्त ठाऊक असतं, त्यांना विचारा. फायर अलार्मचा तो झोन कामापुरता बंद ठेवायला मेंटेनन्सवाल्याला सांगा, आणि काम झाल्यावर तो पुन्हा सुरू केल्याची नोंद घ्या. हा दुसरा भाग विसरला जातो आणि इमारत आठवडाभर अलार्मविना राहते.

घरातल्या फवारणीसाठी: स्वयंपाकाची भांडी, पाण्याचे माठ, खाणं झाका. माशांची टाकी झाकून हवेचा पंप बंद करा, किंवा टाकीच हलवा. पोपटाचा पिंजरा, मांजर, कुत्रा बाहेर. मांजराला काही पायरेथ्रॉइड फार बाधतात. पाइप गॅसचा व्हॉल्व्ह बंद, निरांजन आणि उदबत्ती विझवलेली, पंखे आणि एसी बंद. पलंगाखालचं सामान थोडं ओढून घ्या, कपाटांची दारं उघडी ठेवा, नाहीतर डास जिथे बसलाय तिथे धुकं पोचणार नाही.

आणि एक काम जे फॉगिंगहून महत्त्वाचं आहे: साठलेलं पाणी ओतून टाका. प्रौढ डास मेले तरी अळ्या आणि कोष पाण्यात सुखरूप असतात, दोन-तीन दिवसांत नवी फौज तयार. एडिसची अंडी तर भांड्याच्या कडेला कोरडी चिकटून महिनोन् महिने टिकतात, म्हणून बशा आणि पिंपं घासून धुवायची, नुसती उपडी करायची नाहीत.

पायरी ६: प्रत्यक्ष काम

गरम मशीन नेहमी मोकळ्या जागेत, जमिनीवर, जवळ अग्निशामक ठेवून सुरू करायचं. इंजिन नीट तापून एकसारखं चालू लागल्यावरच द्रवाचा कॉक उघडायचा. धुरातून तेलाचे थेंब टपकत असतील किंवा नळीपासून दोन-तीन मीटरवर धरलेली काच ओली होत असेल, तर प्रवाह कमी करायचा. बंद करताना क्रम उलटा: आधी द्रवाचा कॉक, धूर पूर्ण थांबू द्यायचा, मग इंजिन. इंजिन मधेच बंद पडलं तर पहिला हात कॉककडे जायला हवा, कारण गरम नळीत शिरलेला द्रव पेट घेऊ शकतो. तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल भरणारा दिसला तर काम तिथेच थांबवा.

चालायचं वाऱ्याला आडवं. वारा जिकडे जातो त्या टोकापासून सुरुवात करायची आणि एकेक पट्टा घेत वारा येतो त्या दिशेला सरकायचं. असं केलं की धुकं मागे जातं आणि चालवणारा स्वतः त्यात राहत नाही. नळी तिरकी खाली, झुडपांच्या बुंध्याकडे. लोकांच्या खिडक्यांकडे रोखलेली नळी नुसता देखावा. चाल सावकाश. पोरं धुराच्या मागे पळतात, आपणही पळालो असू, पण त्यांना आवरायला एक माणूस ठेवा. रस्त्यालगत गरम धूर करताना दुचाकीवाल्याला समोरचं दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना माणूस उभा करा.

थंड फॉगिंग इमारतीत करायचं असेल तर सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली, आणि प्रत्येक घरात आतल्या खोलीपासून दाराकडे मागे मागे येत. नोझल भिंतीवर किंवा सामानावर न रोखता खोलीच्या मोकळ्या हवेत, किंचित वर. खिडक्या-दारं बंद ठेवून अर्धा तास, मग सगळं उघडून पुन्हा चांगली हवा खेळू द्यायची, तोवर कुणी आत जायचं नाही. लेबलवर याहून जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळा. फरशी ओली दिसली तर थेंब जाड आहेत, तिथल्या तिथे सांगा.

पालिकेची धुराची गाडी गल्लीत येते तेव्हा मात्र नेमकं उलटं. लोक धडाधड खिडक्या लावतात, आणि डास आत सुरक्षित राहतात. अन्नपाणी झाका, माणसांनी आतल्या खोलीत बसा, दम्याचा त्रास असलेल्यांना आधीच दूर पाठवा, आणि रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या ठेवा.

पायरी ७: झाल्यावर

उघड्या राहिलेल्या भांड्यांना आणि ओट्याला साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. कुणाला खोकला, डोळ्यांची जळजळ झाली तर मोकळ्या हवेत न्या, डोळे भरपूर पाण्याने धुवा. मॅलॅथिऑन वापरलं असेल आणि खूप घाम, तोंडाला लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या अशी लक्षणं दिसली, तर वाट पाहू नका. १०८ बोलवा, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो वा वाशीचं पालिका रुग्णालय, बाटलीचं लेबल सोबत न्या. डॉक्टरांना औषधाचं नाव कळलं की उतारा लगेच ठरतो. म्हणूनच लेबलचा फोटो कामाआधीच सेक्रेटरीच्या फोनमध्ये हवा.

दुसऱ्या दिवशी तीच तिघांची फेरी पुन्हा मारा, वहीसकट. किती ठिकाणी अळ्या सापडल्या, कोणत्या विंगमध्ये तक्रार आहे, हे लिहा. फॉगिंगनंतर दोन दिवसांत डास पूर्ववत झाले तर तीन शक्यता असतात: पाणी साठलेलं राहिलं, वेळ चुकीची निवडली, किंवा त्या औषधाला डास सरावलेत. तिसऱ्या शक्यतेवर प्रमाण वाढवणं हा उपाय नाही. वेगळ्या गटातलं औषध मागा, पायरेथ्रॉइड चालू असेल तर दुसरं पायरेथ्रॉइड नको.

डेंग्यूचा रुग्ण असेल तर सात ते दहा दिवसांनी दुसरी फेरी ठरवा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. एरवी दर आठवड्याच्या वार्षिक कंत्राटावर सही करू नका. तेच पैसे टाक्यांच्या झाकणांवर, व्हेंटच्या जाळ्यांवर आणि आठवड्यातून एकदा पाणी ओतायला येणाऱ्या माणसावर घाला, आणि फॉगिंगचा दर फेरीमागे ठरवून ठेवा. बिलाची अर्धी रक्कम या दुसऱ्या दिवशीच्या फेरीनंतर द्यायची, हे कोटेशनवर आधीच लिहून घ्या.